नीरफणसाची डावी बाजू

काचेवर शिकाऊचं लाल अक्षर
आणि मागे नीरफणस.
मला वाटलं, ब्रेकच दाबलाय.

आवाज फार झाला नाही.
दोरीवरून ओला टॉवेल ओढावा, तसा काहीसा.
उतरून पाहिलं तर बंपरच्या हुकाला सालीची पट्टी,
हातभर लांब, आतून ओलसर पांढरी,
आणि खोडावर तेवढीच जागा
चिकाने भरून येत होती, घाईघाईने.
माझ्याआधी तीच लपवू पाहत होती.

सरोजवहिनी कुंपणावरून म्हणाल्या, डांबर फास.
पेट्रोल पंपावरचा मुलगा म्हणाला, सिमेंट भरा,
आमच्याकडे असंच करतात.
माझ्या हातात तर हळदीचा डबा आलाच होता,
गुडघा फुटला की येतो तसा.

मग आखाड्याहून कुस्तोद आला.
रेंदेर. चाळीस वर्षं माडांवर,
दिवसातून तीनदा पोय कापणारा.
त्याचं पोटच जखमेवर चालतं,
पण इतकी पातळ जखम की माडाला ती
मरण वाटत नाही, काम वाटतं.
हे सगळं मला नंतर सुचलं.
तेव्हा माझ्याकडे दुसऱ्या कुणाचा नंबर नव्हता.

त्याने काती काढली, दगडावर पाणी मारून
मुकाट घासत बसला.
अर्धा तास. मी दिलेला चहा निवून गेला.
"कितेंच लायनाका, बाये."
एवढंच. मग सालीची लोंबणारी कड
जिथे ती अजून खोडाला धरून होती तिथवरच,
केसभर पुढे नाही,
कापत गेला. वर निमुळती, खाली निमुळती.
मिटायच्या बेतातला डोळा उरला.

जाताना म्हणाला, झाड हे भरून काढत नाही.
मेलेलं आत ठेवतं, कडेने चालत येतं.
तुम्ही पाणी द्या. बुंध्याला नव्हे,
दुपारची सावली संपते तिथे.
पैसे घेतले नाहीत. दोन नीरफणस मागितले,
लागतील तेव्हा.

नवरा बोटीवर. रात्री व्हिडिओ कॉल.
परस दाखव ना, म्हणायचा.
दाखवायची: विहीर, अबोलीचा वाफा,
नीरफणसाची उजवी बाजू.
छान वाढलाय, म्हणायचा.

दर शनिवारी शिवणाची टेप घेऊन जायची.
जखमेची रुंदी, ब्लाउजच्या मापांच्या वहीत:
पावणेपाच. पावणेपाच. पावणेपाच.
सावलीच्या कडेने गोल फिरत पाणी ओतायची.
गळलेली पानं झाडायची बंद केली,
तिथेच कुजू दिली; सरोजवहिनींनी नाक मुरडलं.
एक फांदी वाळली. ती लगेच कापली नाही.
पुन्हा त्याच्यावर लोखंड धरायला हात होईना.

अकराव्या शनिवारी टेप कडेला अडली.
बोट लावलं. साल आत वळत होती,
गोल, गुळगुळीत, ओठासारखी.
साडेचार.
लिहायला वही उघडली तर त्या पानावर
कुणाच्या तरी बाहीचं माप होतं. त्याच्याच खाली लिहिलं.

लायसन वीस दिवसांत पोस्टाने आलं.
झाडाला, कुस्तोद म्हणतो, पाच वर्षं. सहाही.
मधोमध बोटाच्या पेराने ठोकलं
तर एका जागी पोकळ वाजतं, रुपयाएवढं.
ते तसंच राहील, म्हणतो.

नवरा पुढच्या महिन्यात दाबोळीला उतरतो.
त्याला माशेलपर्यंत मी आणणार, मीच चालवत.
आवारात गाडी उलटी घ्यायची नाही.
सरळ आत,
दिव्यांचा उजेड नीरफणसाच्या डाव्या बाजूवर
पडेल अशी उभी करायची,
आणि इंजिन बंद करायच्या आधी
काही बोलायचं नाही.